साठावं डोकं

मिस्त्रीला साठ डोकी हवी होती. एकोणसाठ चालणार नव्हती, आणि एकसष्ट मिळतील अशी आशा धरण्याइतका तो भोळा राहिला नव्हता. खिशात यादी, कानावर पेन्सिल, आणि कुणी ‘येतो’ म्हणालं की त्याच्यासमोरच खूण, अशी त्याची फेरी गेले आठ दिवस चालू होती. समोर खूण केली की माणूस जरा बांधला जातो असा त्याचा समज होता. समजच तो. दार लागलं की दिलेला शब्द दाराबाहेर राहतो हे त्यालाही ठाऊक होतं.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचा मिस्त्री. वसाहतीत पाच इमारती, आणि पाचांपैकी एकीतच आता लिफ्ट उरली होती, ती ताईच्या. ताई त्याची थोरली बहीण, सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिने शिवणकाम करून त्याला वाढवलं, त्याचं नाक पुसलं, शाळेत नेऊन सोडलं, आणि पुढे त्याच्या लग्नात आणि बायको गेल्यावरही तीच त्याच्या पाठीशी उभी राहिली. ती सहाव्या मजल्यावर एकटी राहायची, हा त्याच इमारतीत चौथ्यावर. ताईचे गुडघे कधीच कामातून गेले होते आणि आता दमही पुरत नव्हता. रोज दहा वाजता ती टोपली घेऊन लिफ्टने खाली यायची आणि इमारतीच्या दाराजवळच्या बाकावर बसायची. नवे कपडे मिळणं दुर्मीळ झालेल्या त्या दिवसांत जुने टिकवणाऱ्या बाईला मोठा मान होता. लोक उसवलेले, विरलेले कपडे घेऊन यायचे, घटकाभर बसायचे, घरच्या चार गोष्टी सांगायचे. हातशिलाईचं काम ताई बाकावरच उरकायची, मशीनवरचं बारा वाजता वर घेऊन जायची. त्या बाकाला सगळे ‘ताईचा बाक’च म्हणत. तेवढे दोन तास काढून घेतले, तर ताईच्या दिवसात चार भिंतींशिवाय काही उरत नव्हतं.

आणि ते निघून जायची वेळ आली होती. वसाहतीला वीज मोजून मिळायची, त्यामुळे लिफ्टची परवानगी दरवर्षी सभेने द्यायची असा नियम होता. सभेला साठ माणसं जमली नाहीत तर सभाच होत नाही. तीनदा जमली नाहीत तर विषय बाद, आणि लिफ्टचं मशीन दुसरीकडे. पहिल्या खेपेला एक्केचाळीस जण आले होते, दुसरीला बावन्न. तिसरी खेप गुरुवारी चार वाजता होती.

आता तुम्ही म्हणाल, तीनशेच्या वर प्रौढ माणसं राहतात तिथे साठ जमवायला एवढी वणवण कशाला? तर त्याचं असं आहे.

काम दिवसाला चार तासांवर आलं तेव्हा मिस्त्री बेचाळीस वर्षांचा होता, आणि त्यासाठी घसा फोडून बोलणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता. कारखाने निम्मे झाले, वस्तू निम्म्या झाल्या, त्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. ‘चार तास पोटासाठी, चार तास स्वतःसाठी, आणि एक तास सगळ्यांसाठी,’ असं तो चौकाचौकांत सांगत फिरायचा. तो शेवटचा एक तास म्हणजे सभा. पहिला अध्यक्ष तोच झाला. पहिली दोन-तीन वर्षं सभेच्या खोलीत उभं राहायला जागा नसे. पाणी किती, वीज कुणाला, कुठला रस्ता उकरून तिथे भाजी लावायची, यावर माणसं तावातावाने भांडत आणि भांडून झाल्यावर एकत्र चहा पीत. मग हळूहळू लोकांना स्वतःच्या चार तासांची गोडी लागली. कुणी बासरी धरली, कुणी माती मळायला घेतली, कुणी तळ्यावर पोरांना पोहायला शिकवू लागलं. फुरसत इतकी वाढली, की कुणालाच फुरसत उरली नाही.

‘गुरुवारी चारला?’ पाववाला हात पुसत म्हणाला. ‘अहो मिस्त्री, चारला माझं टोमॅटोंना पाणी असतं.’

‘पाचला घाला.’

‘पाचला घातलं की रुसतात.’

‘कोण, टोमॅटो?’

‘तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही लोखंडातली माणसं.’ पाववाल्याने उसासा टाकला. ‘बरं, येतो. ताईंनी माझ्या किती सदऱ्यांचे जीव वाचवलेत. पण भाषण नको हं.’

मिस्त्रीने त्याच्यासमोर खूण केली.

वाचनालयातल्या दोघी बहिणींनी विचारलं, विषय काय. लिफ्ट म्हटल्यावर धाकटी म्हणाली, ‘अगंबाई, ती अजून चालते?’ टपालवाली म्हणाली, येईन पण लोकर बरोबर आणीन, मोज्याची टाच चाललीय. पोहायला शिकवणारा म्हणाला, पोरांना पाण्यात सोडून कसा येऊ, पण बघतो काहीतरी. नाही कुणी म्हणत नव्हतं, हीच पंचाईत होती. नाही म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. इथे सगळे गोड बोलायचे, ताईची चौकशी करायचे, आणि मान अशी हलवायचे की ती होय म्हणतेय की मानेला नुसता आळस आलाय, ते कळू नये.

एकाने मात्र विचारायच्या आत सांगितलं. घड्याळजी. त्याला एकच पाय. तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि ती खोली खरं म्हणजे ताईची. सोळा वर्षांपूर्वी खोल्यांची वाटणी झाली तेव्हा तळमजला ताईच्या वाट्याला आला होता. तेव्हा हाच मिस्त्री, नवा कोरा अध्यक्ष, तिला म्हणाला होता, ‘ताई, अध्यक्षाच्या घरच्यांनी आधी सोडलं पाहिजे. घड्याळजीचा पाय नुकताच गेलाय. आणि तुला काय, लिफ्ट आहे की.’ ताईने त्याच दिवशी किल्ली देऊन टाकली. वर आणखी म्हणाली, शिवायला उजेड वरच चांगला.

‘कुबड्यांवर येईन, पण येईन,’ घड्याळजी म्हणाला. ‘माझं पहिलं लिहा.’

बुधवारी संध्याकाळी यादीत एकोणसाठ खुणा झाल्या. मिस्त्रीने त्या तीनदा मोजल्या, चौथ्यांदा ताईकडून मोजून घेतल्या, आणि खाली स्वतःची एक खूण केली. साठ. गंगेत घोडं न्हालं.

‘तू पण चल,’ तो ताईला म्हणाला. ‘समोर बसलीस की लोकांना बरं वाटेल.’

‘नको रे धाकट्या. मला बघून हात वर करतील, ते काय खरं? लिफ्ट हवी वाटली तर करू देत.’ तिने सुईत दोरा ओवला. डोळे अजून शाबूत होते बाईचे. ‘आणि जमले नाहीत तर तोंड पाडून येऊ नकोस वर.’

गुरुवारी सगळे आले. खरोखर आले. मिस्त्रीला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पाववाला हाताला पीठ घेऊन आला, टपालवाली लोकर घेऊन, घड्याळजी कुबड्या आपटत सगळ्यांच्या आधी. पोहायला शिकवणाऱ्याने बायकोला पाठवलं होतं. चार वाजून पाच मिनिटांनी शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची भरली, आणि मिस्त्रीला वाटलं, उगाच आपण लोकांना नावं ठेवत होतो. माणसं चांगलीच असतात, फक्त बोलवायला जावं लागतं.

सभेची चिटणीस एक तरुण मुलगी होती. मिस्त्रीनेच तिला हे काम शिकवलं होतं, वही कशी ठेवायची, डोकी कशी मोजायची. ती स्वतःच्या खुर्चीपासून सुरुवात करून रांगांमधून फिरायची आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला बोट लावत मोजायची, म्हणजे चूक होत नाही. सव्वाचारला घंटा, आणि घंटेनंतर आलेलं डोकं धरायचं नाही. हेही त्यानेच शिकवलेलं.

मोजून ती टेबलाशी आली. ‘एकोणसाठ.’

मिस्त्री मोठ्याने हसला. ‘अगं, मला धर की. नदी ओलांडून आलेल्या त्या दहा शहाण्यांची गोष्ट झाली ही. प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसतो.’

सगळे हसले. चिटणीस हसली नाही. तिचा चेहरा असा झाला, की जणू तिलाच कुणी काहीतरी वाईट सांगितलंय. तिने नियमांची वही उघडली, पान काढलं आणि ती त्याच्यापुढे सरकवली.

अक्षर त्याचंच होतं. सोळा वर्षांपूर्वीचं, ठसठशीत, आत्मविश्वासाचं. सातवा नियम. ‘ज्याच्या घरचा विषय असेल त्याने बोलावे, मत देऊ नये, आणि त्याचे डोके हजेरीत धरू नये.’

लिफ्टचा अर्ज आजवर सगळ्या इमारतीच्या नावाने जायचा, पण आता वापरणारी ताईच एक उरल्यामुळे यंदा तो तिच्या नावाने होता, म्हणजे विषय मिस्त्रीच्या घरचा. मत देऊ नये, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. मत तो देणारच नव्हता. पुढचं वाक्य मात्र साफ विसरला होता. विसरायला कारणही होतं. सोळा वर्षांत त्याच्या घरचा विषय एकदाही सभेपुढे आला नव्हता. हा नियम त्याने केला तो एका गृहस्थांमुळे. ते एका मुसळधार पावसाच्या दिवशी आपले अकरा नातेवाईक घेऊन आले आणि त्यांनी त्या अकरांच्याच हजेरीवर सभा भरवून स्वतःच्या अंगणापुढचा रस्ता पदरात पाडून घेतला. तेव्हा मिस्त्री संतापला होता आणि रागाच्या भरात एक वाक्य जास्त लिहून गेला होता. स्वतःच्या पायावर मारायचा धोंडा त्याने सोळा वर्षं आधीच घडवून ठेवला होता.

‘काका,’ चिटणीस हळूच म्हणाली, ‘अजून नऊ मिनिटं आहेत. एकच हवंय.’

मिस्त्री धावला. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस जसा धावतो तसा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं याचं काहीतरी हरवलंय. अंगणात कुणी नव्हतं. बागेत एक जण तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. त्याला हलवलं तर त्याने डोळे उघडून विचारलं, कोणत्या वसाहतीची सभा. तो पाहुणा होता. चारच्या उन्हात सगळा रस्ता मोकळा, सुंदर, झाडांचा. एक वाहन नाही, एक धूर नाही. हाच रस्ता असा व्हावा म्हणून तो आयुष्यभर भांडला होता. आणि आता त्या रस्त्यावर एक माणूस सापडेना.

मग त्याला गाणं ऐकू आलं. सभेच्या भिंतीपलीकडच्याच खोलीत गाणाऱ्यांच्या मंडळाची तालीम चालू होती. चाळीस माणसं! यादी करताना तो त्यांच्याकडे गेलाच नव्हता, कारण त्यांची तालीम गुरुवारी चारलाच असते आणि तालीम मोडायला कुणी येणार नाही हे जगजाहीर होतं. त्याने दार ढकललं. चाळीस तोंडं उघडी होती. गाणं एकमेकांना धरून राहण्याबद्दल होतं, सगळ्यांनी मिळून भार उचलण्याबद्दल, आणि फार गोड होतं. शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे न बघता एक हात वर केला. थांबा, एवढं होऊ दे.

तो थांबला. आता त्याला कुणी मूर्ख म्हणेल, आणि म्हणावंच. ओरडायचं होतं, हात धरून एकाला ओढायचं होतं. पण सोळा वर्षं हाच मनुष्य लोकांना सांगत आला होता, की दुसऱ्याच्या फुरसतीच्या आड येऊ नये, ती कमावलेली वस्तू आहे. दाराच्या चौकटीला धरून तो उभा राहिला. गाण्यातला एक तुकडा बाईंच्या मनासारखा झाला नाही, तो त्यांनी पुन्हा घेतला.

‘हं, बोला मिस्त्री,’ बाई शेवटी म्हणाल्या.

‘एक माणूस. एकच. पलीकडे सभेला. आत्ता.’

‘मी येते की,’ मागच्या रांगेतली एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई उठली आणि वाकून खुर्चीखाली चप्पल शोधू लागली.

‘चप्पल राहू दे हो!’

ती अनवाणीच निघाली बिचारी. दोघं सभेच्या दारात पोचली तेव्हा घंटेचा दांडा चिटणीस मुलीच्या हातात होता आणि घंटा वाजून थांबली होती. हवेत अजून तिचा बारीक सूर होता.

‘धरा हो!’ पाववाला ओरडला. ‘अर्ध्या मिनिटाने काय आभाळ कोसळतंय का?’

‘धरा, धरा,’ मागून चार-सहा आवाज आले. टपालवालीने लोकर मांडीवर ठेवली. घड्याळजी उभा राहिला आणि म्हणाला, त्या घंटेचं घड्याळ अर्धा मिनिट पुढे आहे असं मी लिहून देतो.

चिटणीस मिस्त्रीकडे वळली. ‘काका, तुम्ही सांगा.’

त्याने नुसतं ‘धर’ म्हणायचं होतं. एवढंच. पण धरा म्हणणारा पाववाला समोर उभा होता. अकरा वर्षांपूर्वी याच पाववाल्याचा भट्टीचा विषय होता. साठावा माणूस घंटेनंतर दारात आला, आणि अध्यक्षाने, म्हणजे मिस्त्रीने, नियम तो नियम म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. पाववाल्याने वर्षभर उसन्या भट्टीवर पाव भाजले आणि त्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता. आज तोच ओरडून ओरडून धरा म्हणत होता. तो जर गप्प बसला असता, कुचकट हसला असता, तर कदाचित मिस्त्रीच्या तोंडून ‘धर’ निघालंही असतं.

‘घंटा वाजली ना?’ मिस्त्रीने विचारलं.

‘वाजली.’

‘मग झालं तर.’

लोक जागचे हलेनात. मग खुर्च्या सरकल्या, आणि पाववाला जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. सदऱ्यावर पिठाची पाच बोटं उमटली.

रागवायचं तरी कुणावर? हे मशीन जाणार होतं दवाखान्याला. डोंगरापलीकडे एक दवाखाना होता, तिथली लिफ्ट चार महिन्यांपूर्वी बंद पडली होती, आणि आजाऱ्यांना खांद्यावर घेऊन माणसं जिने चढत होती. नवी मशीनं कुणी बनवत नव्हतं. मोठ्या सभेकडे दाद मागता येत होती, पण ती तीन महिन्यांनी बसणार, आणि तोवर आजारी थांबणार नव्हते. मिस्त्रीने शिव्या द्यायला एक तरी माणूस शोधला, प्रामाणिकपणे शोधला. आपलेच दात, आपलेच ओठ. फिरून फिरून बोट स्वतःकडेच यायचं.

तो वर गेला तेव्हा ताई शिवणाच्या पायमशीनवर होती.

‘किती जमले?’

‘साठ.’

‘मग?’

‘साठावा मी होतो.’

ताईचा पाय थांबला. तिला एका क्षणात कळलं. ‘सातवा नियम,’ ती म्हणाली. ‘तू मला वाचून दाखवला होतास रे तेव्हा. मी म्हटलंही होतं, शेवटचं वाक्य जरा जास्त कडक होतंय.’

‘मग मारून मुटकून खोडायला का नाही लावलंस?’

‘तू ऐकतोस?’ आणि ती हसायला लागली. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिस्त्रीला हसावं की रडावं कळेना. तिने एखादी सणसणीत शिवी हासडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

‘आपण खुर्चीत बसवून तुला खाली नेऊ,’ तो म्हणाला. ‘दोघं जण लागतील. रोज.’

‘मी काय कपाट आहे? रोज उतरवायला आणि चढवायला?’

‘घड्याळजी म्हणतोय, खोली परत घ्या. तो वर यायला तयार आहे.’

‘म्हणजे त्याच्या एका पायाला सहा मजले लावू? शाबास! आणि खोल्यांची अदलाबदल सभेशिवाय होते का?’

होत नव्हती. सभेला पुन्हा साठ डोकी, आणि पुन्हा याचं धरायचं नाही. मिस्त्रीने हात चोळले. मग त्याने आठवडाभर मनात घोळवलेलं, हरल्यावरच काढायचं म्हणून राखून ठेवलेलं, ते बाहेर काढलं.

‘हे बघ. सोमवारी मशीन सोडवायच्या आधी लिफ्टची केबिन खाली आणावी लागते. वीज विषय बाद झाला तेव्हाच तोडली, म्हणजे हाताने चाक फिरवून. मीच फिरवणार. तू तिच्यात बस. वाचनालयामागच्या खोलीत मी खाट टाकतो, त्या दोघी बहिणी हो म्हणाल्यात. तीन महिने काढू, मोठ्या सभेत काहीतरी होईल. निदान तू खाली असशील. माणसांत असशील. एकदा ही संधी गेली की...’

‘तिथे पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून काळोख करून ठेवतात. शिवू कुठे?’

‘बाकावर. ताई, माझ्यासाठी बस.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप आल्यावर बघायची तसं. ‘बरं बाबा. सोमवारी दहाला ना?’

सोमवारी दहाला मिस्त्री आणि त्याची जोडीदारीण तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत होते. या लिफ्टचं मशीन जुन्या पद्धतीचं, गच्चीवर नसून खालीच होतं. जोडीदारीण कामाला चोख आणि बोलायला कमी. तिने ब्रेकचा दांडा धरला, मिस्त्रीने चाकाला हात घातला. केबिन गुरुवारी ताई वर आली तेव्हापासून सहाव्या मजल्यावरच उभी होती. विहिरीसारखी ती उभी पोकळी वरपर्यंत काळोखी होती, आणि तिच्यातून आवाज मात्र स्वच्छ यायचा.

‘ताई! झालं का?’

मग जाळीचं दार खडखडत सरकल्याचा आवाज, आणि वरून ताईची हाक. ‘लावलं रे दार! ने खाली!’

मिस्त्रीने चाक फिरवलं. आता एवढं सांगायला हवं, की लिफ्टच्या दुसऱ्या बाजूला लोखंडी वजन टांगलेलं असतं आणि ते रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं. त्यामुळे रिकामी केबिन हाताने खाली आणायची तर ती अडते, वर पळू बघते. आत माणूस असला की तेवढी हलकी येते. चाळीस वर्षं हे काम केलेल्या हाताला आत कोण आहे, पोर की पैलवान, ते चाकावरून सांगता येतं. चाक फिरलं, आणि त्याच्या हाताला कळलं, केबिन रिकामी नाही. चाळीस-पंचेचाळीस किलो. गेल्याच महिन्यात दवाखान्याची बाई घरी येऊन ताईला तोलून गेली होती. त्रेचाळीस.

‘बसली,’ तो जोडीदारणीला म्हणाला. ‘बसली गं!’

पाऊण तास तो चाक फिरवत होता. खांदे भरून आले, तळहाताची साल निघाली, जोडीदारीण म्हणाली मी घेते थोडं, पण त्याने दिलं नाही. एकेक मजला उतरत होता. त्याच्या मनात खाट टाकून झाली होती, खिडकीवरचा काळोखी पडदा काढून झाला होता, पुस्तकांच्या वाळवीची सोयही त्याने लावली होती. मधे एकदा त्याने हाक मारली, ‘ठीक आहेस ना?’ उत्तर आलं नाही. दोरांच्या करकरीत ऐकू गेलं नसेल. ताई लिफ्टमध्ये तशीही गप्पच असायची, काठी धरून, खाली बघत.

दोरावरची पांढरी खूण चाकापाशी आली. केबिन तळाला टेकली. मिस्त्री धावत बाहेर गेला आणि त्याने दोन्ही हातांनी जाळीचं दार सरकवलं.

आत शिवणमशीन होतं. लोखंडी पायांचं, जड, खालची चाकं त्यानेच कधीतरी बसवून दिलेली, त्यामुळे ढकलायला कुणाची मदत लागत नसे. वर टोपली होती. टोपलीत दोऱ्याची रिळं, कात्री, खडू, आणि टोचून ठेवलेल्या सुईसकट पाववाल्याचा अर्धवट सदरा.

मग वरून, सहा मजल्यांवरून, त्या पोकळीतून हाक आली.

‘पोचलं का रे?’

मिस्त्रीने केबिनच्या छताच्या जाळीतून वर बघितलं. काळोख आणि लांब वर उजेडाचा एक चौकोन, आणि त्या चौकोनात डोकं. एवढंसं.

‘ताई... तू बसणार होतीस ना?’

‘दोघांपैकी एकच मावत होतं,’ ताई म्हणाली. ‘मला खाली आणून काय करशील, काळोखात ठेवशील? ते खाली हवं. लोक काही सहा मजले चढून उसवलेलं घेऊन यायचे नाहीत, आणि का यावं? बाकाजवळ ठेव, भिंतीला लागून. उजेड डावीकडून येऊ दे. ज्याला येतं त्याने चालवावं, ज्याला येत नाही त्याने शिकावं. वेळ आहे की सगळ्यांना.’

तिला दम लागला होता, तो खाली ऐकू येत होता.

जोडीदारीण मागे येऊन उभी राहिली होती. ‘मिस्त्री,’ ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, ‘पावणेअकरा झाले. दुसरी खेप होणार नाही. एकला आपला वेळ संपतो, आणि दवाखान्याची गाडी दीडला येणार.’

त्याने मशीन ढकलत बाहेर नेलं. बाकाजवळ, भिंतीला लागून ठेवलं. उजेड डावीकडून येतोय का पाहिलं, मग दोन बोटं सरकवलं. टोपली वर ठेवली. खिडकीतून घड्याळजी बघत होता, त्याने नजर खाली वळवली. मिस्त्री परत जिन्याखाली आला.

‘ठेवलंस का?’ वरून हाक आली.

‘ठेवलं,’ तो म्हणाला, पण आवाज इतका बारीक निघाला की सहा मजले राहू देत, शेजारी उभ्या जोडीदारणीलाही तो ऐकू गेला नसेल. वरून पुन्हा हाक आली. मिस्त्रीने पाना उचलला.